घड्याळजींची बंद केलेली गोळी

तीर्थरूप बाबा,
तुमच्याच हट्टी लेकीचा नमस्कार.

इथे परदेशात मी मजेत आहे. कारखान्यात आता कॉलर शिवते.

आई म्हणाली, नाडी अठ्ठावन्न भरली म्हणून तुम्ही प्रेशरची गोळी बंद केलीत. बाबा, हृदय म्हणजे तुमच्या दुकानातलं मागे पडणारं घड्याळ नव्हे. ठोके संथ करणं हेही त्या गोळीचं काम. ती अचानक सोडली तर झटका येऊ शकतो, असं इथल्या नर्सने सांगितलं. चक्कर येते का? लगेच डॉक्टरांना विचारा, मनाने काही करू नका.

आईलाही फोनवर हेच सांगितलंय, पण तुम्ही तिचं ऐकत नाही, फोनवर येत नाही आणि पत्राला दहा दिवस लागतात.

तुम्ही दिलेलं घड्याळ घरच्याच वेळेवर ठेवलंय. त्यात आठ वाजले की मशीन थांबवून पुटपुटते, ‘बाबा, गोळी.’ शेजारणीला वाटतं, मी टाके मोजते.

तुमची,
धाकटी