दवावरचे वाल

२२ नोव्हें. ५३, रवि., बदलापूर
भात निघालं. घरामागच्या खाचरात ओल आहे अजून. सुधाकरनं मधोमध दोरी बांधली. डावी बाजू चिरंजीवांची, उजवी माझी. त्याच्याकडे अंबरनाथच्या कारखान्यातून आणलेलं पांढरं खत नि विहिरीचं पाणी. माझ्याकडे राख, शेणखत नि दव.
"अण्णा, ज्याचे वाल सरस, पुढच्या वर्षी सगळं खाचर त्याचं. कबूल?"
कबूल.
बी काळूबाईचं. बारवीकडून डोंगर उतरून भाजी विकायला येते ती. बजावून गेली, "मास्तर, वालाला पानी दावू नको. चटावतो तो."

२० डिसें.
सुधाकरचे वेल गुडघाभर, काळेशार. माझे वीतभर. पण पानोपानी दव! चौथीच्या वर्गाला तीस वर्षं दवाला मोती म्हणायला शिकवलं. तीच कविता वेलांपुढे म्हटली, चालीवर. सुधाकर दात घासत उभा.
"मोत्यांनी पीक येत नाही, अण्णा."
म्हटलं, तुझ्या वेलांना फूल कुठाय? चूळ भरून विहिरीकडे वळला.

१७ जाने. ५४
पानं मलूल. सूनबाई म्हणाली, "मामंजी, एक कळशी घाला. मी ह्यांना सांगायची नाही."
नाही घातली. कळशी हातात घेतली होती, एवढं लिहून ठेवतो.

२१ फेब्रु.
शेंगा तोडल्या. त्याच्या अडीच टोपल्या. माझी एक, तीही काठापर्यंत भरली नाही. म्हटलं, टोपली कोण खातो? चव बघा.
सूनबाईनं दोन पातेल्यांत भाजी केली. कुठली कुणाची, सांगितलं नाही. मी दोन्हींतला घास घेतला नि बोट ठेवलं, "ही. हिला वाल म्हणतात."
सुधाकरची निघाली.
हसला नाही तो. हसता तर बरं होतं. दात उरले नाहीत, मऊ ते गोड लागलं. जीभ हरली माझी. वाल हरले, हे मी लिहिणार नाही.

१४ मार्च
वाळलेल्या शेंगा फोडल्या. माझा दाणा टणक, चकचकीत. त्याचे निम्मे सुरकुतलेले. दाखवले.
"बियाण्याची पैज नव्हती, अण्णा."
नव्हती. पुढच्या वर्षी दोरी नाही, सगळं खाचर त्याचं, सगळीकडे पांढरं खत.
दुपारी काळूबाई. दोन्ही ढीग चिवडले नि माझ्यातलं ओंजळभर पदरात बांधलं. विचारलं, मी आता पेरू कुठं?
"कुंपनाभाईर बांध हाय ना. बांधाला कोन इचारतो?"
उरलेलं बी राखेत घोळून मडक्यात भरलं. सुधाकर म्हणाला, हे कशाला?
म्हटलं, मडकं माझं आहे.