मांजर पळतं तेव्हा मधे काय असतं

ती. आत्या,

कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (दिवसभर टेबलावर वाकलेलाच असतो, त्यामुळे वेगळे कष्ट पडत नाहीत.) तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला बसला की नुसताच आवाज बसला?

तू विचारलंस, कार्टूनच्या कचेरीत मी करतो काय. मी मांजर पळवतो. मांजर इथून तिथे झटक्यात पोचवायचं तर मधे एक चित्र लागतं, त्याला आम्ही फराटा म्हणतो. त्यात मांजर ताणलेलं, डोळे चार, पाय आठ-दहा, नाक कुठल्या कुठे. पडद्यावर ते कुणाला दिसत नाही, पापणी लवायच्या आत सरकतं. पण ते काढून टाकलं तर मांजर पळत नाही, इथून नाहीसं होऊन तिथे उगवतं.

माझे फराटे मेलेले असतात, असं साहेबांचं मत. (त्यांना आम्ही 'लगबग' म्हणतो, ते पुढे निघून जातात, आवाज मागून येतो.) ते म्हणाले, आरशात बघत मान झटकन फिरव आणि दिसेल ते उतरव. (तोंडं वेडीवाकडी करून बघायला आम्हा सगळ्यांपुढे आरसे असतात, पगारी वेडे.) मी फिरवली. चेहरा ताणला गेला, एकाचे तीन दिसले. कडेचे दोन मानेबरोबर गेले, मधला माझ्याकडे बघत राहिला. मी निमूट उतरवला. लगबग बेहद्द खूश, असे आणखी हवेत म्हणाले. मग मान फिरवतच बसलो, आणि दर खेपेला तो मधला चेहरा जरा जास्त रेंगाळू लागला.

शेवटी माझ्या मागे बसणाऱ्या, चित्रं रंगवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या कुंचला धूतधूत म्हणाल्या, "तो होय? तू वळलास की माझ्याकडे बघून हसतो. तुझ्यापेक्षा बरा हसतो."

तेव्हापासून मी सगळं सावकाश करतो. घास सावकाश, जिना सावकाश. (तुझी भाचेसून म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच माणसासारखा वागतोयस.) पण काल शाईची दौत कलंडली आणि मी दचकून दाराशी उडी मारली. वळून बघतो तर मी खुर्चीतच. खुर्चीतला मी मान खाली घालून मांजर काढत होता. रेघ इतकी सुरेख, की मला घाम फुटला. लगबग आले, त्याची पाठ थोपटली, आणि मला म्हणाले, "आपण कोण? जरा बाजूला उभे राहा, काम चाललंय."

आतोबांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्राचं कारण असं, की तुझी मागची खोली रिकामी असेल तर मी येतोय. चालत, हळूहळू.

ता. क. दुसरा. पाकीट उघडंच टाकून हा निघून गेला, म्हणून दोन ओळी माझ्या. आत्या, मी इथेच आहे, मजेत आहे, साहेब खूश आहेत. दाराशी कुणी आलं आणि 'मी भाचा' म्हणालं, तर बिचाऱ्याला पाणी दे. आत मात्र घेऊ नकोस.