दोरा धरणारा

१२ फेब्रुवारी, गुरुवार
जळगावहून दुपारच्या एसटीनं परत. डॉ. म्हणाले, हिच्या उजव्या हाताची बोटं रोज चोळा, रबरी चेंडू दाबायला द्या, आणि बोटं हलली की नाही ते रोज लिहून ठेवा. म्हणून ही वही. शाळा सातवीपर्यंतच, अक्षर असंच राहणार.
बोटं — नाही.
एरंडोलला घरी पोचलो तर चपला काढायच्या आत हिनं कपाटातली दोऱ्यांची थैली काढायला लावली. म्हणाली, "शोभाले दी टाका." शोभा शेजारची. क्रोशाच्या सुयाही द्या म्हणाली, चारही. संक्रांतीच्या आठवड्यात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून पहिल्यांदा हिनं त्या थैलीचं नाव काढलं, आणि तेही असं.
मी म्हटलं, उद्या देऊ. थैली पलंगाखाली सरकवली. हातासाठी गोळ्या आहेत. माणूस असं बोलायला लागलं तर काय करायचं, ते डॉ.ना विचारायचं राहिलं.

१४ फेब्रुवारी
बोटं — नाही. चेंडू दोनदा पडला. तिसऱ्यांदा तिनं पाडला.
दुपारी ती झोपली. श्वास चालू आहे ना ते दोनदा पाहिलं, मग घरात फिरलो. चाळीस वर्षं या घरात राहतो, आजच नीट बघितलं. दुधावरची जाळी, काठाला मणी, वाऱ्यानं उडत नाही. लसणाची टांगती पिशवी. मोरीत साबणाचे उरलेले तुकडे घालायची जाळीची थैली, तिच्यामुळे साबणाचा चुरा कधी वाहून गेला नाही. खुर्चीच्या पायांना मोजे, फरशी ओरखडत नाही. माझ्या चष्म्याची पिशवी. तवा धरायची घडी. यातलं एकही बाजारच्या दोऱ्याचं नाही. कोणाच्या स्वेटरची उरलेली लोकर, शिंप्याकडच्या रिळांची शेपटं, कोणाच्या तोरणातलं राहिलेलं. लोक टाकून द्यायचे, ही मागून आणायची. तेव्हा मला लाज वाटायची. आज वाटली ती वेगळी.

१८ फेब्रुवारी
बोटं — नाही.
मोठी चूक केली. लिहितोच.
मनात आलं, थैलीत नुसते तुकडे आहेत म्हणून हिला कंटाळा आला असेल. सगळा दोरा एकसलग करून दिला तर हात घालेल. दोन दिवस मागच्या पडवीत बसून सगळे तुकडे एकमेकांना बांधले. गाठ माझ्या सवयीची. जिनिंग मिलमध्ये एकतीस वर्षं कापसाच्या गाठींवर बारदान शिवलं, दाभण आणि सुतळी. माल ट्रकमध्ये आदळला तरी ती गाठ सुटत नाही. डांगराएवढा गुंडा झाला. मोठ्या हौसेनं तिच्यासमोर ठेवला.
तिनं डावा हात त्यावर फिरवला. एकदम ओरडली, "तुम्हले कोणी सांगं व्हतं?"
मग डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपून सांगत गेली. हा सुती, हा नायलॉन. नायलॉन गरम पातेल्याखाली गेला तर वितळून पातेल्याला चिकटतो. हा लाल दोरा रंग सोडतो, पांढऱ्याजवळ चालत नाही. हा जाड, चुंबळीचा. हा बारीक, जाळीचा. मी सगळे एका माळेत ओवले होते. आणि गाठी अशा की टाक्यातून निघणार नाहीत.
"बठ्ठा दोरा वाया गया!"
दिवसभर धुसफूस. मधेच सुरू व्हायची, पुन्हा गुंडा चाचपायची. जेवताना म्हटलं, अगं हळू, बीपी वाढेल. म्हणाली, "हात गया, तोंड नही गयं."
महिन्याभरात पहिल्यांदा रागावली. मला बरंच वाटलं. पण हे कोणाला सांगू?

२१ फेब्रुवारी
बोटं — नाही.
मी कात्रीनं गाठी कापतो, ती डाव्या हातानं ढीग लावते. सुती, लोकर, नायलॉन, रंग जाणारे. डोळ्यांनी बघायची गरजच नाही तिला. मी मुद्दाम एक तुकडा चुकीच्या ढिगात टाकला. न बघता काढून माझ्या मांडीवर फेकला.
थैली शोभाला द्यायचं नाव आज दोघांनीही काढलं नाही.

२ मार्च, सोमवार
बोटं — नाही. आता हे लिहायला नको वाटतं.
सकाळी तिनं मोठी सुई मागितली. डाव्या हातात धरली. सुई हलते, पण दोरा ताणून कोण धरणार? एरवी सुई उजव्यात आणि दोरा डाव्या बोटावर. आता उलट करायचं तर उजवं बोट लाकडासारखं पडलेलं. दोरा पलंगाच्या पायाला बांधून बघितला, फार ताठ. दाराच्या कडीला बांधला, शोभाच्या मांजरानं ओढला.
शेवटी म्हणाली, "बठा आठे." तिच्या उजव्या बाजूला बसलो. तिनं माझ्या तर्जनीवर दोरा गुंडाळून दिला. म्हणाली, "ढील द्या, ढील. बैल धरेल शे का तुम्ही?"
अकरा साखळ्या झाल्या. मग माझं बोट काळंनिळं पडायला लागलं.

५ मार्च
बोटं — नाही. (तिची. माझं दुखतं.)
गोल विणायला घेतलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर पुजायची, तिच्याखाली दर वर्षी नवी चुंबळ. माझ्या आई-वडिलांच्या नावानं घागर भरतो, आणि चुंबळ करते ही, लग्न झाल्यापासून. पूजा झाली की ती चुंबळ वर्षभर गरम पातेल्याखाली.
पण आजचा गोल सपाट बसेना. कडा वर आल्या, वाटी झाली. मी घाबरून दोरा ओढून धरतो म्हणून. तिनं वाटी डोक्यावर ठेवून बघितली आणि हसली. मग म्हणाली, उसवा. मी म्हटलं, चार दिवसांची मेहनत. म्हणाली, दोरा कुठं जातो? एक टोक ओढलं, भराभर सगळं सुटलं, दोरा होता तसा. शिवणीत कापड एकदा कापलं की गेलं. हिच्या कामात चूक परत दोरा होते. एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

११ मार्च
बोटं — नाही.
आम्ही बसलो होतो आणि शोभा विचारल्याशिवाय आत. हिनं सुई झटकन गोधडीखाली घातली. दोरा माझ्या बोटावर तसाच.
शोभा बघतच राहिली. "नाना, तुम्ही क्रोशा शिकून ऱ्हायनात?"
म्हटलं, हो. वेळ जात नाही.
"आता नानांच्या हातचा रुमाल पाहिजे मला. नातवाच्या बारशाला."
ही तोंडावर पदर घेऊन हसत होती. शोभा गेल्यावर म्हणाली, "खोटं बोलनात मन्हासाठी." हिच्यासाठी नाही तर कोणासाठी? संध्याकाळी पारावर गेलो तर तिथंही पोचलेलं होतं. दोघं-तिघं बोटांनी विणून दाखवत होते. विणू दे.

२० मार्च
बोटं — नाही.
तिसरा गोल. आता श्वासावर जमतं. ती सुई आत घालते तेव्हा मी सोडतो, बाहेर काढते तेव्हा थांबतो. बोलावं लागत नाही. बोलायला गेलं की चुकतं. खांब, म्हणजे उभे टाके, मोजायचं काम माझं, पण मी चोवीस म्हणालो आणि ती म्हणाली तेवीस. तेवीसच होते.

९ एप्रिल
बोटं — नाही. डॉ. म्हणाले, धीर धरा, काहींना वेळ लागतो. काहींना म्हणजे किती जणांना, ते विचारलं नाही. येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं आता पुन्हा थैली द्या म्हणेल. घरी आल्यावर पाणी प्याली आणि म्हणाली, बसा, काठ राहिलाय.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी
रेखा कालच धुळ्याहून आली. मुलगी माहेरी आली की घर भरतं. सांजोऱ्या तिनंच केल्या, आई पाटावर बसून सांगत होती.
घागर चुंबळीवर ठेवली. जरा कलली, मग बसली. वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. आई-बापाचं नाव घेतलं, पाणी सोडलं.
रेखाचं लक्ष गेलंच. "आई, यंदा टाके लहान-मोठे का गं?"
ही म्हणाली, "धरनारा नवा शे."
रेखानं माझ्याकडे बघितलं. मी घागरीकडे.

२१ एप्रिल
रेखा सकाळच्या गाडीनं गेली. घर मोकळं.
दुपारी साबणाच्या तुकड्यांची नवी थैली सुरू केली. बारीक सुती दोरा. मी धरून बसलो होतो तेवढ्यात दुधाचा वास आला. उठलो, घाईत दोरा कुठं ठेवू कळेना, तिच्या उजव्या तर्जनीवर टाकला, खुंटीवर टाकावा तसा, आणि पळालो.
दूध वाचलं. खाली उतरवून, पुसून परत आलो. पाच-सात मिनिटं गेली असतील.
चार खांब जास्त होते.
सैल, वाकडे, पण चार. मीच मोजले, दोनदा. ती खाली मान घालून बसलेली. मी म्हटलं, हे कसं? म्हणाली, "बठा, गप."
दोरा बांगडीत अडकला असेल. किंवा मांडीखाली दाबून धरला असेल, तिचं डोकं चालतं. किंवा.
विचारलं नाही. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? जागेवर बसलो. तिनं दोरा माझ्याकडे दिला नाही, मी मागितला नाही. थोड्या वेळानं म्हणालो, दूध बघून येतो जरा. दूध केव्हाचं खाली उतरवलेलं होतं, तिला माहीत होतं. "जा," म्हणाली.
स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिलो. हळूहळू शंभर मोजले. मग आणखी शंभर.
बोटं —