दारावरचा सूर्य

३ मार्च, सोमवार

‘जुनाट खोकं’ म्हणे! आपल्या इमारतीला! सोसायटीच्या अध्यक्षांची जीभ झडत कशी नाही? नव्वद वर्षांची इमारत — कोपऱ्यावर जहाजासारखी वळलेली, लोखंडी खिडक्याही तिच्याबरोबर वळलेल्या. प्रवेशदारावर गिलाव्यात घडवलेला अर्धा सूर्य, अकरा किरणांचा. रस्त्यावर अशा सहा होत्या, आता आमची एकटी उरलीय. तीही पाडून बारा मजले चढवायचेत.

सभेत उठून सांगितलंच मी — वारसा समितीकडे अर्ज केलाय, गुरुवारी पाहणी आहे. संरक्षित यादीत नाव गेलं की हात लावून दाखवा! सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. हे मात्र शेजारी बसून चष्मा पुसत होते. नवरा म्हणून एक शब्द? नाव नको!

४ मार्च

दिवसभर जिना मोजला, कठडे कागदावर उतरवले. नोकरीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले, आता आपल्या इमारतीचे. बाबा इथे वाढले, मी इथे जन्मले, लग्न झाल्यावरही इथेच राहिले. सोडते की काय!

“जेवून घे,” एवढंच म्हणाले हे.

५ मार्च, बुधवार

फोडला! सूर्य फोडला!

नकाशांच्या प्रती काढायला दोन तास बाहेर गेले, तेवढाच डाव साधला. येते तर दारात चुन्याचा ढीग आणि दोन मजूर हात झटकताहेत. “पडायला आलं होतं बाई, काढायला सांगितलं.” कोणी? ते एकमेकांकडे बघायला लागले.

तडक अध्यक्षांचं दार वाजवलं. जिन्यात, सगळ्यांदेखत, तोंडाला येईल ते बोलले. सात पिढ्या उद्धरल्या त्यांच्या. ते आपले “मी नाही हो ताई, शपथ!” चोराच्या उलट्या बोंबा!

६ मार्च

समितीच्या बाई आल्या. भल्या होत्या. ढिगाऱ्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. “बाकी पुष्कळ बदललंय हो इथे. भिस्त ह्याच्यावरच होती.” वही मिटली, गेल्या.

७ मार्च

जिन्यात अध्यक्ष दिसले. थुंकले नाही, हीच माझी सभ्यता.

८ मार्च, शनिवार

दुपारी त्या दोन मजुरांतला एक दारात. “काका आहेत का? ढिगारा कधी उचलायचा ते सांगणार होते.”

काका!

हे आतून आले. नाही म्हणाले नाहीत. मजूर गेल्यावर शांतपणे म्हणाले, “पस्तीस वर्षं घरजावई म्हणून राहिलो. दारावर पाटी अजून तुझ्या बाबांची. नव्या इमारतीत का होईना, एकदा तरी माझ्या नावाच्या घरात राहायचं होतं गं.”

ओरडायला तोंड उघडलं. मग तशीच दाराकडे वळले.

दार उघडून बघितलं. खरंच, पाटी बाबांचीच आहे.