व्याह्यांच्या बाटलीचा पेच

आदरणीय दाजींना,

धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार. तुमचं पोट आता कसं आहे? ताई फोनवर 'बरं आहे' म्हणाली खरी, पण इतक्या चटकन म्हणाली की मला संशय आला. पथ्य पाळत असाल तर उत्तम, पाळत नसाल तर निदान तिच्यासमोर तरी पाळा. इकडे आम्ही खुशाल आहोत. (म्हणजे सौ. खुशाल आहे, आमची लेक भिंगरी जरा जास्तच खुशाल आहे, आणि मी कसा आहे ते पुढे कळेलच.)

पत्रास कारण की, तीन आठवड्यांपूर्वी भिंगरीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी आमच्याकडे वाइनची एक बाटली पाठवली. 'होणाऱ्या' म्हणतो, कारण लग्नाची तारीख अजून ठरलेली नाही. बाटलीसोबत चिठ्ठी होती, की आमच्या घरची रीत अशी : दोन्हीकडच्या मंडळींनी बसून बाटली उघडायची आणि त्याच बैठकीत तारीख पक्की करायची, बाटली उघडण्याचा मान मुलीच्या वडिलांचा. आता तुम्हीच सांगा, आगाऊ चिठ्ठी लिहून कुणी कुणाला मान देतं का? व्याही दातांचे डॉक्टर. घट्ट रुतलेली वस्तू मुळासकट बाहेर काढण्यात त्यांची हयात गेली. असा माणूस स्वतः बाजूला बसून ते काम वजनमापांच्या निवृत्त निरीक्षकावर का सोपवेल? चारचौघांत माझी फजिती बघायची, दुसरं काय! बूच निघालं नाही तर मी बावळट, आणि सफाईने निघालं तर मी पट्टीचा पिणारा. इकडे आड, तिकडे विहीर. (आपल्या घराण्यात आजवर उघडलेली सगळ्यांत कडक बाटली खोकल्याच्या औषधाची, हे तुम्हाला ठाऊक आहेच.)

बाटलीची मी बाहेरून रीतसर तपासणी केली. मानेभोवती गडद लाल, चकचकीत वेष्टण आहे, आत काय दडलंय ते दिसत नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत दोन्ही पक्ष हजर असल्याशिवाय मी सील फोडलं नाही, तेव्हा इथेही हात लावायचा प्रश्न नव्हता. पण वाइन म्हटली की बूच आलं आणि बूच म्हटलं की ओपनर आला. त्यातून 'बूच मारणे' म्हणजे आपल्याकडे फसवणे, हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणून मी पहिल्यापासून सावध होतो.

भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "घरच्यासाठी की हॉटेलसाठी?" मी म्हटलं, घरच्यासाठी. "महिन्यातून किती वेळा लागतो?" मी म्हटलं, "आयुष्यातून एकदा." त्यावर तो गालातल्या गालात हसला (हे मी टिपून ठेवलं आहे) आणि त्याने चार नमुने काउंटरवर मांडले. पहिला अगदी साधा, वर लाकडी मूठ, खाली पिळाची सळई. इतका साधा की मला वाटलं, काहीतरी लपवत असणार. दुसऱ्याला दोन बाजूंना दोन हात. सळई बुचात फिरवायला लागलं की ते दोन्ही हात हळूहळू वर जातात. ज्याने काही केलेलंच नाही तो आधीच हात वर का करेल, दाजी? तिसरा घडीचा, खिशात मावणारा. दिसायला गरीब, पण उघडला तर पोटातून चक्क सुरी निघाली. दुकानदार म्हणे ती वेष्टण कापायला. असेलही. चौथा बॅटरीवरचा. बाटलीवर टोपीसारखा ठेवायचा, बटण दाबायचं, आत काहीतरी घुर्रघुर्र होतं आणि बूच बाहेर. आत नेमकं काय होतं ते दिसायची सोय नाही. झाकून चालणारा काटा मी जन्मात पास केला नाही, हा कसा करू? शेवटी परतीच्या बोलीवर चारही घरी आणले.

समोरच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक सहायक आहेत, त्यांच्याकडून सहा बुचं मागून आणली, व्हिनेगरच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं आणि एकेक बूच ठोकून चाचणी सुरू केली. साध्या ओपनरने, बाटली गुडघ्यांत धरून, दात-ओठ खात ओढलं. अर्धं बूच हातात आलं, अर्धं आत राहिलं आणि मी खुर्चीसकट कपाटावर जाऊन आदळलो. हातवाल्याने बुचाचा भुगा केला. बॅटरीवाल्याने बूच काढलं, पण ते पोटातून सोडायला तयार होईना. सुरीवाल्याने बुचाला हातही न लावता माझा अंगठा कापला. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, पण माझं ऐकतं कोण!

खरी गंमत पुढे. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी आमच्या कचऱ्यात बुचांचे तुकडे पाहिले, माझ्या अंगठ्याची पट्टी पाहिली आणि गॅलरीत बाटली उजेडाला धरून उभा असलेला मीही पाहिला. दोन दिवसांत सगळ्या इमारतीला कळलं की निवृत्तीनंतर साहेब बाटलीला लागले. आता वॉचमन माझ्यासाठी लिफ्टचं दार धरून उभा राहतो आणि 'सांभाळून' म्हणतो. जन्मभर दुसऱ्यांच्या काट्यावर मी संशय घेतला, आता अख्खी इमारत मला तोलते आहे. सौ. म्हणते, बरं झालं.

या भानगडीत पहिला रविवार ओपनर पसंत नाही म्हणून पुढे ढकलला, दुसरा अंगठ्यापायी. व्याह्यांचा फोन आला, "अहो, कुठलाही घ्या, काय फरक पडतो?" कुठलाही का, हा माझा प्रश्न आहे. तेव्हा तुम्ही चौघांपैकी कोणता निवडाल ते सविस्तर कळवावं. घाई मुळीच नाही. फोन करू नये, पत्रच लिहावं, आणि तेही पोट पूर्ण बरं झाल्यावर. तोवर 'प्रकरण जाणकारांकडे पाठवलं आहे' असं मी व्याह्यांना सांगतो.

तुमचा आज्ञाधारक मेव्हणा,
(ज्याला तुम्ही पाठीमागे शंकासुर म्हणता तो)

ता. क. हे ताईला दाखवू नका, ती लगेच फोन करेल.

ता. क. (सौ.च्या हातचा) : दाजी, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून वाचलं. त्या बाटलीला बूचच नाही. फिरकीचं झाकण आहे, हाताने पिळलं की निघतं. भिंगरीने बाटली बघताक्षणीच ओळखलं. यांना सांगायला गेलं की हे मोजपट्टी घेऊन बसतात. मी व्याह्यांना पुढच्या रविवारचं कळवून टाकलंय. तुम्ही आणि ताई नक्की या.

ता. क. तिसरा (पुन्हा मी, पत्र पेटीत पडण्याआधी तिच्याकडून परत मागून घेतलं) : पाकीट मी मुद्दामच उघडं ठेवलं होतं. दाजी, झाकण फिरकीचं आहे हे मलाही ठाऊक आहे. बाटली आली त्याच संध्याकाळी, घरात कुणी नसताना, मी ते पिळून पाहिलं. कर्रकन आवाज आला आणि सील तुटलं. तसंच घट्ट बसवलं आणि दुसऱ्या दिवशी ओपनर शोधायला बाहेर पडलो. लग्न झालं की पोरगी सहा तासांच्या विमानप्रवासाइतकी लांब राहायला जाणार. ओपनर मिळत नाही तोवर तारीख ठरत नाही, एवढंच मला दिसत होतं. मला ती जायला नको आहे, दाजी. मुलगा चांगला आहे, आणि त्यामुळे तर काही बोलायचीही सोय नाही. तुम्ही ताईला मागणी घातलीत तेव्हा बाबांनी तुमचं पत्र 'अक्षर लागत नाही' म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. आम्ही भावंडं पोट धरधरून हसलो होतो. तुमचं अक्षर तर छापल्यासारखं आहे.

असो. फुटक्या सिलाची बाटली व्याह्यांपुढे ठेवता येणार नाही. येताना अगदी तशीच एक नवी घेऊन या, लेबलावरचा मजकूर मागच्या बाजूला उतरवून दिला आहे. झाकण फिरकीचंच आहे ना, हे दुकानात दोनदा तपासा. बुचाची आणलीत तर मला आणखी तीन आठवडे मिळतील, आणि मी ते घेईन.