मल्लाप्पाचा उजवा हात

मी, प्रतापराव बिन संताजी निकम, वय ७१, धंदा शेती व जनावरे, राहणार बोम्मसंद्रा, बंगळूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना लिहितो. माझे डोके आज ठिकाणावर आहे. नव्हते ते एकदाच. ते पुढे येईल.

१. राहते घर व सात म्हशी मुलगा उपेंद्र याला. म्हशी विकून मोटार घेतलीस तर माझा तळतळाट लागेल.

२. विहिरीची दोन एकर जमीन शेजारी मल्लाप्पा याला. उपेंद्रने ती कारखानेवाल्यांना दाखवून ठेवली आहे, हे मला ठाऊक आहे. कोर्टाची पायरी चढण्याआधी त्याने पुढचे वाचावे.

३. त्र्याऐंशीच्या दुष्काळात माझे दोन्ही बैल विहिरीपाशी तोंडाला फेस येऊन मेले. आदल्या दिवशी पाण्यावरून मल्लाप्पाशी माझे भांडण झाले होते. त्यानेच विष घातले, असे मी धरून चाललो. तो अंगणात यंत्रावर कडबा कापत होता. "अण्णा, मी नाही," एवढेच म्हणाला. मी कोयत्याने त्याचा उजवा हात मनगटापासून तोडला. हात कडब्यात पडल्यावरही पाठीत दोन वार केले. वर बजावले, पोलिसांत माझे नाव घेशील तर पोरांसकट घर पेटवीन. हात यंत्रात गेला, असे त्याने लिहून दिले.

४. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या दोन कालवडी दावे तोडून विहिरीजवळच्या कापलेल्या ज्वारीत शिरल्या. बुडख्यांना फुटलेले खुरटे कोंब खाल्ले आणि माझ्या डोळ्यांदेखत तसाच फेस येऊन मेल्या. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी जनावराला विष असते, हे बापाने मला लहानपणीच शिकवले होते. आदल्या वर्षी भांडणाच्या तिरीमिरीत बैल त्याच कोंबांवर मीच बांधले होते. बायको अंबुबाई म्हणाली, "जाऊन त्याचे पाय धरा." मी तिच्या कानफटात मारली. मरेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, बरोबरच केले तिने. मल्लाप्पा दर युगादीला कडुनिंब-गूळ डाव्या हाताने आणून देतो. तेरा वर्षे मी तो मुकाट्याने खातो आहे. मला माझी लाज वाटते.

५. तो कोयता गोठ्याच्या आढ्यात खोचला आहे. धार लावली आहे. मी मेल्यावर हे पत्र मल्लाप्पाच्या अंगणात कन्नडमध्ये मोठ्याने वाचावे आणि कोयता त्याच्यापुढे ठेवावा. मला जाळण्यापूर्वी माझा उजवा हात त्याला हवा असेल, तर उपेंद्रने आडवे येऊ नये. त्याला तो डाव्या हाताने तोडावा लागेल, वेळ लागेल. कोणी घाई करू नये.

सही (उजव्या हाताने): प्रतापराव संताजी निकम

वरील मजकूर आमच्यासमोर वाचून त्यांनी सही केली:
१. रणजीत कृष्णात सावंत
२. हर्षिता रणजीत सावंत

बनशंकरी, बंगळूर
१२ एप्रिल १९९६