फोंगबाईंच्या दुकानातली माझी सात दुखणी

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. तू, भाओजी आणि पिनांगची सगळी मंडळी खुशाल असाल, तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, असं धरून चालतो. इकडे मी जिवंत आहे. (हे वाक्य आजवर सवयीने लिहीत होतो, या खेपेस विचार करून लिहिलं आहे.) तुझा धाकटा भाऊ, पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेला सीतो मान-लोक, भर बाजारात आडवा झाला, हे तुला कुणीतरी कळवलंच असेल. तेव्हा खरं काय ते माझ्याकडूनच ऐक.

आपल्याकडचा तिसरा महिना तुला आठवत असेल. दक्षिणेचा वारा सुटतो आणि भिंतींना घाम फुटतो. नदी घरात यायला निघाली आहे आणि संकोचून उंबऱ्याशी थांबली आहे, असं वाटत राहतं. चष्म्यावर धुकं, आरशावर धुकं, हिच्या फोटोच्या काचेवर धुकं. (हिला जाऊन चार वर्षं झाली, तरी मी अजून दोघांचा भात लावतो आणि दुसऱ्या दिवशी शिळा खातो.) अशा एका पाणथळ दुपारी, करमेना म्हणून, मी बाजारातल्या माकच्या दुकानातून भाजलेला हंस आणून एकट्याने संपवला. दुसऱ्या दिवशी घसा सुजला, तोंड आलं, आणि मी पुलाजवळच्या कमानीखाली फोंगबाईंच्या दुकानात गेलो.

फोंग साऊ-किंग. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा तिथे तिचा सासरा बसायचा, मग नवरा बसू लागला. दोघंही गेले, आता आठ वर्षं ती एकटी दुकान चालवते. दारात तांब्याचे दोन भोपळ्यासारखे बंब, त्यांतून दिवसभर वाफ निघते, आणि आत एक लांब बाक. बंबांतल्या काढ्याला चहा म्हणायचं एवढंच, त्यात चहाचं पान औषधालाही नाही. नुसती मुळं, साली आणि वाळलेली फुलं.

"जीभ काढा, मास्तर," ती म्हणाली. मी काढली. (पस्तीस वर्षं मी इतरांना जीभ आत ठेवायला सांगत आलो.)

"उष्णता आहे, आणि ती ओलीवर चढून बसली आहे. हंस खाल्लात?"

"थोडासा."

"जीभ तर अख्खा म्हणते."

तो काळा वाडगा मी कसा संपवला ते विचारू नकोस. आधी कडू, मग जास्त कडू, मग कडूपणाचाही तळ लागतो, आणि तिथून पुढे घशात कुठूनतरी लांबून, नदीपलीकडून आल्यासारखा, गोडवा येतो. मी बाकावर टेकलो. वाफ वर चढत होती, बाहेर होड्या धुक्यात अर्ध्याच दिसत होत्या, बाई सुरीने एक मूळ कापत होत्या, टक, टक, टक. माझ्या जुन्या नकाशावरचे सगळे समुद्र भिंतीवरून खाली ओघळले आणि बाकाखालून वाहू लागले, असं काहीसं मला दिसलं. जागा झालो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ताई, चार वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळ मला न सांगता आली.

चौथ्या दिवशी घसा खडखडीत बरा झाला. खरी आपत्ती ती! बऱ्या झालेल्या माणसाला त्या बाकावर बसायचा काय अधिकार? म्हणून मी डोळ्यांच्या जळजळीचं निमित्त काढलं. त्यावर शेवंतीचा चहा मिळाला, तो इतका चांगला लागला की डोळे लगेच बरे करावे लागू नयेत म्हणून मी ते रात्रंदिवस चोळले. पुढे यकृत काढलं. (यकृत नक्की कुठे असतं हे मला ठाऊक नव्हतं, मी पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवला. बाईंनी तो हात धरून उजवीकडे नेला.) मग डोकं, मग झोप, मग सांधे. सातवं दुखणं म्हणून "छातीत ओल" असं काहीतरी म्हणालो, त्यावर पाच फुलांचा चहा लागू होता. त्यातली काटेसावरीची फुलं संपली आहेत, असं कळल्यावर मी रोज पहाटे शाळेच्या मैदानात जाऊन, टोपीत भरून, ती आणू लागलो. धुक्यात ते झाड दिसतच नाही. वरून नुसती लाल फुलं येतात, धप्प, धप्प, जणू कुणी आभाळातून टाकतंय. एकदा तिथेच डोळा लागला आणि एक फूल थेट टाळक्यात बसलं. ते दुखणं खरं होतं, पण त्यावर बाईंनी काहीच दिलं नाही. नुसत्या हसल्या.

आता हे सगळे चहा थंड प्रकृतीचे. मला ते दिले एकेका दुखण्यासाठी, आणि मी पीत होतो सगळे, रोज, आणि जेवणाला फाटा देऊन. बाराव्या दिवशी बाजारात माकच्या दुकानासमोर माझ्या पायांचं पाणी झालं आणि मी खाली बसलो, मग आडवा झालो. माक हातातला सुरा उंचावून ओरडला, "फोंगबाईच्या काढ्याने मास्तर गेला!"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, एवढं काय काय झालं होतं तुम्हाला? मी लाजेने भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीलाही घाम फुटला होता. दोन दिवस मी तसाच, कापसात ठेवल्यासारखा, पडून राहिलो, आणि तेवढ्यात बाहेर माकच्या त्या ओरडण्याने फोंगबाईंचं दुकान ओस पडलं. तिसऱ्या दिवशी शेजारची बाई भेटायला आली आणि सांगून गेली, की तिथली चूल आणि बंब थंड झाले, फोंगबाई सामान बांधते आहे, भावाकडे जाणार म्हणते.

मी दवाखान्याच्या सपाता घालून तसाच निघालो. बाजाराचा दिवस होता. दुकानात शिरलो, बाक ओढत दारात आणला आणि त्यावर उभा राहिलो.

"माझं यकृत ठणठणीत आहे," मी ओरडलो. माणसं थांबली. "डोळे, सांधे, झोप, सगळं ठणठणीत. मी खोटं बोललो. घसा तेवढा खरा होता, तो या बाईंनी चार दिवसांत बरा केला. बाकीचं मी विनाकारण प्यायलो, आणि उपाशीपोटी."

"मग प्यायचात कशाला?" माकने विचारलं.

"इथे बसायला मिळावं म्हणून," मी म्हणालो.

गर्दीतून माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः आजोबा झालेला, ओरडला, "गुरुजी, आम्ही पोटदुखीचं खोटं सांगितलं की छडी मिळायची!" मग जे हसू फुटलं ते पुलापर्यंत गेलं. मान खाली घालून सर्वांत आधी माकनेच वाडगा मागितला. बाईंनी गाठोडं सोडलं, चूल पेटवली. मला म्हणाल्या, "उतरा. जीभ काढा." पाहिली. "पांढरीफटक. आता खरे आजारी आहात." आणि आलं घालून उकळलेलं गरम पाणी दिलं. रागावल्या होत्या की नाही, ते मला कळलं नाही. भूगोलात ते शिकवत नाहीत.

आता रोज आल्याचं पाणी पितो, वेळेवर जेवतो. भाओजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मान-लोक

ता. क. – आपल्या घरात आता तूच वडीलधारी. तू फोंगबाईंना चार ओळी लिहून, आपलं घराणं कसं आहे वगैरे सांगून, त्यांच्या मनाचा अंदाज घेशील का? अख्ख्या बाजारासमोर बोललेला मी, त्यांच्यासमोर एकटा असलो की यकृतावरच घसरतो.

ता. क. २ – हिच्या फोटोपुढे उभा राहून सगळं सांगितलं. काच पुसली. ही नेहमीसारखीच दिसली, जेवायला उशीर केला म्हणून पाहते तशी. ती नाराज नाही असं मी समजतो.

ता. क. ३ – मला अजून पुलापलीकडे जायला डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून हे पत्र फोंगबाईच टपालात टाकणार आहेत. फार विश्वासाची बाई.

ताईंना फोंग साऊ-किंगचा नमस्कार. या हवेत लिफाफ्याचा डिंक धरत नाही, आणि मी विश्वासाची असले तरी आंधळी नाही. एक दुरुस्ती: दुसऱ्या दुखण्यापासून मला ठाऊक होतं. नंतर बहुतेक वेळा मी त्यांना नुसतं ज्येष्ठमधाचं कोमट पाणी देत होते. बाकीचं ते माझी पाठ वळली की बंबातून स्वतःच ओतून घ्यायचे, हे मात्र ते बाजारात पडल्यावरच मला कळलं, आणि त्याबद्दल मी अजून रागावलेली आहे. मला पत्र लिहायची तसदी घेऊ नका. माझं उत्तर हो आहे. त्यांना इतक्यात सांगू नका. त्यांनी विचारलेलं मला ऐकायचं आहे.